मदत हवी आहे: पुण्याच्या ट्रेकिंगच्या दुकानाला 'महिलांचा ब्रँड' म्हणून माल द्यावा का? (सोलापूर)

खिसेवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशाचा आहे, थोडा मानाचाही आहे, म्हणून धागा लांबणार.

अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचं शिवणकामाचं छोटं युनिट आहे. सासऱ्यांनी शाळेच्या गणवेशांवर उभं केलेलं. सोलापूरकरांना ठाऊक आहे, गणवेश म्हणजे मार्च ते जून जेवायला सवड नाही आणि दिवाळीनंतर मशिनीवर चादर. त्या रिकाम्या महिन्यांत चार वर्षांपूर्वी मी बायकांसाठी ट्रेकिंगच्या पँट शिवायला घेतल्या. निमित्त असं, की राजगडाला पाली दरवाजाच्या पायऱ्यांवर माझ्याच पँटचं आसन उसवलं. ओढणी कंबरेला बांधून गड उतरले. घरी येऊन ती पँट पूर्ण उसवून पाहिली तर पुरुषांचाच कट, कंबर लहान केलेली आणि रंग जांभळा. आसनाला कळी (मांड्यांच्या जोडावर घालतात तो जादा तुकडा) नाही. खिसा दोन बोटं जातील एवढा.

आमच्या पँटला कळी आहे, मागून इलॅस्टिक आहे, मोबाइल अख्खा मावतो आणि कंबर २८ ते ४४ मिळते. कामाला सात बायका आहेत, त्यातल्या चौघी आधी विड्या वळायच्या. नवा पीस आला की सातही जणी तो घालून उकिडव्या बसतात, मांडी घालतात, जिना चढतात. शिवण तिथेच बोलते. आत्तापर्यंत माल ओळखीतून आणि इन्स्टावरून गेला.

आता पुण्यातलं ट्रेकिंगच्या सामानाचं एक दुकान (नाव लिहीत नाही) ८ मार्चच्या निमित्ताने महिलांच्या ब्रँडची वेगळी भिंत करणार आहे. त्यांना आमचे २०० पीस हवेत, १५ फेब्रुवारीपर्यंत. अटी अशा: एमआरपीवर ४५ टक्के मार्जिन त्यांचं. माल विकला तर पैसे, तेही विक्रीनंतर ९० दिवसांनी. न विकलेला माल परत, भाडं आमचं. सेल लावला तर सूट आमच्या अंगावर. पुण्यात दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. आणि प्रत्येक पँटला एक कार्ड, त्यावर 'विडी सोडून सुई धरलेल्या सोलापूरच्या गरजू महिला' असा मजकूर आणि बायकांचे फोटो.

हिशेब मांडते. एमआरपी १४५०. त्यांचे ४५ टक्के गेले की ७९७, त्यातून जीएसटी वजा जाता मला साधारण ७६०. कापड २९०, शिलाई १३०, चेन-बटण-इलॅस्टिक ५५, टॅग आणि पिशवी २५, भाडं-वीज ४०, पार्सल २०. झाले ५६०. उरले दोनशे. पण २० टक्के सेल लावला तर २९० रुपये माझ्या डोक्यावर, म्हणजे जीएसटी थोडा कमी बसला तरी दर पीसमागे सत्तर-ऐंशी रुपये खिशातून. खिसे मोठे ठेवले ते यासाठी नव्हे.

आणखी एक अडचण आहे. त्यांना 'मालक महिला' असल्याचा कागद हवा आहे. आमचा उद्यम दाखला (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि जीएसटी सासऱ्यांच्या नावावर आहे. डिझाइन माझं, गिऱ्हाईक माझं, बँकेची धावपळ माझी, आणि कागदावर मी कुणीच नाही. आण्णा (सासरे) म्हणतात, "नाव कुणाचं का असेना, घरातच आहे ना."

मी या भिंतीवर जावं का? अटी कुठे ताणाव्यात? कागदाचं काय करावं? उत्तर लवकर द्या. गड्ड्याची यात्रा सुरू आहे, अर्ध्या बायका सुट्टीवर आहेत आणि कापडाचे तागे अजून घेतलेले नाहीत.

---

कंबर_तलाव

ओ ताई, ४५ टक्के घेऊन वर सेलबी तुमच्याच अंगावर? मग ते दुकान काय करलालंय? नुसती भिंत देलालंय व्हय?

---

जुना_दुकानदार

मी बावीस वर्षं खेळाच्या सामानाचं दुकान चालवलं, कोल्हापुरात. दुकानदाराची बाजू सांगतो, राग मानू नका.

४५ टक्के ऐकायला जास्त वाटतं, पण मोक्याच्या जागेचं भाडं, पगार आणि कार्डाचं कमिशन जाऊन त्यातलं थोडंच उरतं. नव्या, कुणी न ऐकलेल्या नावाला एवढं मागितलं जातंच. दुकानदाराला खरी भीती साइजची असते. २८ ते ४४ म्हणजे नऊ साइज. त्यातल्या ३२-३४ पहिल्या आठवड्यात उडतात आणि ४४ तीन वर्षं कपाटात बसते. म्हणून तो 'परत घ्या' म्हणतो.

तेव्हा नुसत्या मार्जिनवर भांडू नका, बाकीच्या अटींवर भांडा. २०० पीस विक्रीवर देण्यापेक्षा ६० पीस रोख खरेदीवर द्या आणि त्यांना ४० टक्के द्या. न विकलेली साइज दोन महिन्यांनी दुसऱ्या साइजशी बदलून देईन म्हणा. दुकानदाराला याने धीर येतो आणि तुमचा माल मळत नाही. (परत आलेल्या मालाला ट्रायल रूमची लिपस्टिक लागलेली असते, ती धुऊन जात नाही. अनुभव.) सेल त्यांनी लावला तर सूट त्यांची. दोघांनी मिळून ठरवला तर निम्मी-निम्मी. पुण्याची बंदी हवी असेल तर बदल्यात वर्षाला किमान किती पीस उचलणार ते लिहून द्या म्हणावं. आकडा लिहायला सांगितला की बंदीचा आग्रह आपोआप मऊ होतो.

आणि पँट भिंतीवर नको, पँटच्या रॅकवर ठेवायला सांगा. गिऱ्हाईक पँट घ्यायला येतं, ब्रँडची जात बघायला नाही. मार्च संपला की ती भिंत पावसाळी जॅकेटांची होणार, हे मी लिहून देतो.

---

ताळेबंद

ताई, मी सीए आहे. कागदाचं सांगते.

एकल मालकीचा धंदा पॅनशी बांधलेला असतो. त्यामुळे सासऱ्यांचा दाखला 'तुमच्या नावावर करणे' असं काही होत नाही. दोन वाटा आहेत. एक, तुमच्या पॅनवर वेगळा धंदा: स्वतःचं उद्यम (ऑनलाइन, फुकट, आधारवर होतं, एजंटला पैसे देऊ नका) आणि स्वतःचा जीएसटी. पत्ता तोच चालतो, सासऱ्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार लागेल. मशिनी भाड्याने घ्या किंवा बिलावर विकत. गणवेश त्यांचा, पँट तुमची. दोन, भागीदारी, तुमचा वाटा किमान ५१ टक्के. हा ५१ चा आकडा मी हवेतून काढलेला नाही. महिलांच्या उद्योगांना प्रमाणपत्र देणारी वीकनेक्ट इंटरनॅशनलही किमान ५१ टक्के मालकी बघते, शिवाय कारभार आणि ताबा कुणाच्या हातात आहे हेही बघते. तुमच्या बाबतीत कारभार आहेच, मालकी तेवढी नाही. मी असते तर पहिली वाट धरली असती. ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्कही मग तुमच्याच नावावर करा, कपड्यांचा वर्ग २५. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये आहे.

आता ९० दिवस. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरात कलम ४३बी(एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर दुकानाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यांच्या सीएला हे माहीत असतंच. पत्रात 'आम्ही उद्यम नोंदणीकृत उत्पादक आहोत' एवढी एक ओळ टाका आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा.

पण 'विकला तर पैसे' या पद्धतीत एक गोम आहे. माल नक्की कधी स्वीकारला यावरच वाद होतो, म्हणजे ४५ दिवस कुठून मोजायचे तेच ठरत नाही. पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल सहा महिन्यांच्या आत करावंच लागतं, विकला असो वा नसो. म्हणून जुना_दुकानदार म्हणतात ते बरोबर: रोख खरेदी. तरीही विक्रीवर द्यायचाच असेल तर 'दर महिन्याचा विक्री-तक्ता, महिना संपल्यावर दहा दिवसांत पैसे' असं लिहून घ्या.

दराची काळजी नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्केच आहे. आधी हजाराच्या वर गेलं की १२ होतं.

---

भटकी_मांजर

मी सध्या कॅलिफोर्नियात आहे, इथलं थोडं सांगते. टायटल नाइन नावाची बायकांच्या कपड्यांची कंपनी मिसी पार्क यांनी १९८९ साली काढली. नाव आलं १९७२ च्या कायद्यावरून, ज्याने इथल्या शाळा-कॉलेजांत मुलींना खेळाचे दरवाजे उघडले. ते लोक पिचफेस्ट भरवतात: बाईच्या मालकीचे छोटे ब्रँड आपला माल घेऊन खरेदी करणाऱ्यांसमोर उभे राहतात. मला त्यातलं आवडतं ते हे, की तिथे माल दाखवायचा असतो, आपली गरिबी नाही. आरईआय या मोठ्या सहकारी संस्थेने २०१७ मध्ये 'फोर्स ऑफ नेचर' मोहीम काढली तेव्हाही बायकांच्या मापाचं सामान नीट बनत नाही हा मुद्दा त्यात होता. तुमची आसनाची कळी म्हणजे नेमकी तीच गोष्ट! वाइल्ड राय हा बायकांच्या बाहेरच्या कपड्यांचा ब्रँड काढणाऱ्या कॅसी एबल यांनी 'विमेन-लेड वेन्सडे' सुरू केला, थँक्सगिव्हिंग या इथल्या नोव्हेंबरातल्या सणाच्या आदल्या दिवशीचा बुधवार. म्हणजे दिवस इथेही लागतोच. फरक एवढाच, की तो दिवस त्यांनी स्वतः ठरवला, कुणी दुकानदाराने भिंत दिली नाही.

कार्डावर 'गरजू' शब्द अजिबात नको. कळीचं चित्र छापा.

---

खिसेवाली

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही, मशीन नाही पण घर चालू होतं.

@कंबर_तलाव, हसून हसून पुरेवाट झाली. बायकांना वाचून दाखवलं.

कार्डाचं आधी सांगते, कारण ते त्यांनाच विचारलं. फोटो काढायला कुणाचीच ना नाही, उलट दोघींनी कोणती साडी नेसायची ते ठरवूनही टाकलं. पण 'गरजू' ऐकल्यावर आमच्या सगळ्यांत थोरल्या मावशी म्हणाल्या, "गरज तर त्यांनाबी हाय की, दोनशे पँटची." मग मजकूर त्यांनीच सांगितला: ही पँट घालून आम्ही सात जणी उकिडव्या बसून बघितल्या, मग पाठवली. हाच छापणार. @भटकी_मांजर, कळीचं चित्रही टाकते.

@ताळेबंद, ताई, तुमचं उत्तर आण्णांना तसंच्या तसं वाचायला दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. आधी म्हणाले, "म्हणजे मी तुझ्याकडून मशिनीचं भाडं घ्यायचं?" मी म्हटलं, हो, पावतीसकट. थोडा वेळ गप्प बसले आणि मग भाडं किती घ्यावं यावर माझ्याशी तासभर घासाघीस केली. त्या अर्थी मान्य आहे. उद्यमचा अर्ज रात्रीच भरला.

दुकानाला मेल टाकलं: ६० पीस, ४० टक्के, बिल माझ्या नावाने, ४५ दिवस, साइज बदलून देणार, सेल तुमचा तुम्ही बघा, पँट पँटच्या रॅकवर. भिंतीवर हवं तर एक पीस नमुन्याला लावा. त्यांच्या खरेदीवाल्या बाईंचा फोन आला. सेल आणि मुदत मान्य आहे म्हणाल्या. मार्जिन ४२ वर अडलंय. जीएसटी काढून माझ्या हातात साधारण आठशे येतात, ते मला चालेल. पुण्याच्या बंदीला मी वर्षाला ४०० पीस लिहा म्हटलं, तर त्या "विचारून सांगते" म्हणाल्या. रॅकचं मात्र अडलं आहे. म्हणतात, भिंत मार्केटिंगने ठरवली आहे, रॅक त्यांच्या हातात नाही.

आता @जुना_दुकानदार, काका, तुम्हालाच विचारते. रॅकसाठी हट्ट धरू, की पहिले ६० भिंतीवर जाऊ देऊ आणि एप्रिलच्या ऑर्डरला रॅकची अट घालू? त्यांना शनिवारी उत्तर द्यायचं आहे.

---

जुना_दुकानदार

जाऊ द्या भिंतीवर. पण ६० पैकी ४० च द्या, मधल्या साइज जास्त घालून. माल संपला की रिकाम्या भिंतीला खरेदीवाल्या बाईच फोन करतील, आणि तेव्हा रॅकचं बोला. नमुन्याचा पीसही बिलावर घ्या, फुकट देऊ नका.

---

खिसेवाली

४० च देते. उद्या नव्या पेठेत कापडाला जाते आहे. जाता जाता एक: अक्कलकोट रोडला खिशाच्या कोपऱ्यांना बारटॅक (मजबुतीचे दाट टाके) मारून देणारं कुणी जॉब वर्कवर आहे का? आमचं मशीन कालपासून धागा तोडतंय.