इंजिन गार असतानाच टेंपरेचरचा काटा एचवर जातोय, सेन्सर गेला की हेड गॅस्केट?

ऐरोलीची_ताई:
नमस्कार मंडळी. बाबांची २००४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एमएच-४३, रीपासिंग झालंय आणि गाडी विकायची नाहीये हे आधीच सांगते. मी रोज ऐरोलीहून विटावा, कळवा करत घोडबंदरला ऑफिसला नेते. हल्ली काय होतंय, सकाळी गार इंजिन स्टार्ट केलं की सोसायटीच्या गेटपर्यंत पण पोचत नाही तोवर काटा सरळ एचला, म्हणजे हॉटला. मग कधी आपोआप खाली येतो, मध्यावर थांबतो, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली आदळआपट झाली की परत वर. वाफ नाही, वास नाही, कूलंट बाटलीत दोन खुणांच्या मध्ये आहे, कापूरबावडीच्या सिग्नलला फॅन नेहमीसारखा लागतो आणि बंद होतो. घराजवळच्या गॅरेजवाल्याने नुसता काटा बघितला आणि म्हणाला हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय, हेड उतरवावं लागेल. बाबा टेन्शनमध्ये आहेत, मला पटत नाहीये. सेन्सर बदलून बघू का?

कोपरीवाला:
ताई हेड उतरवू देऊ नका प्लीज. गार इंजिन मिनिटभरात एवढं तापूच शकत नाही, आत काही लिटर कूलंट आहे ते गरम व्हायलाच वेळ लागतो. गॅस्केट गेलं तर कूलंट कमी होत राहतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, डिपस्टिकला किंवा ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चिकट थर दिसतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. यातलं काहीच नसेल तर कशाला उघडायचं? काटा एचवर असताना रेडिएटरचा वरचा पाइप लांबूनच हात नेऊन बघा, गारच लागला तर काटा खोटं बोलतोय. आणि रेडिएटरची कॅप गरम गाडीवर उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी अंगावर येतं.

वाशी_से१७:
सरळ सेन्सर बदला ओ, लोकल मार्केटला काहीशे रुपयांत मिळतो, विषय संपला.

जुनं_ते_सोनं_ठाणे:
विषय असा संपत नाही भाऊ, ताईंनी खड्ड्याचं लिहिलंय ते वाचलं का? आपटल्यावर काटा हलतो म्हणजे मला वायरिंगचा वास येतोय.

ताई, आधी हे कसं चालतं ते सांगतो म्हणजे चेक करताना गोंधळ होणार नाही. सेन्सरच्या आत एक थर्मिस्टर असतो, कूलंट तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यामुळे मीटरमधून करंट जास्त जातो आणि काटा वर चढतो. म्हणजे ती वायर मधेच कुठे सोलून बॉडीला लागली की मीटरला वाटतं रेझिस्टन्स शून्य, इंजिन उकळतंय, आणि काटा एचला. उलट वायर तुटली किंवा सॉकेट निघालं तर काटा सीवरच, म्हणजे कोल्डवरच, पडून राहतो, ते जास्त धोक्याचं कारण गाडी खरंच तापली तरी कळत नाही.

बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन सेन्सर असतात. एक वायरवाला मीटरचा, दोन वायरवाला ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा. तुमचा फॅन नीट लागतोय म्हणजे कूलंट किती तापलंय ते फॅनच्या बाजूला बरोबर कळतंय, घोळ फक्त मीटरच्या लाइनमध्ये दिसतो. इंजिन बंद, इग्निशन ऑन, काटा एचवर असतानाच एक वायरवाल्या सेन्सरचं सॉकेट काढा. काटा खाली आला तर सेन्सर आतून शॉर्ट, बदला. सॉकेट काढूनही काटा एचवरच राहिला तर सेन्सरचा काही दोष नाही, वायर कुठेतरी घासलीय. मग कुणाला तरी मीटरसमोर बसवा आणि तुम्ही वायरिंग हातात धरून इंच इंच हलवत या.

आणि हेडलाइट, ब्लोअर लावल्यावर काटा हलतो का, पेट्रोलचा काटा पण सोबत हलतो का तेही बघा. तसं असेल तर मीटरचं अर्थिंग खराब आहे.

कोपरीवाला:
+१. आणि सेन्सर बदलायची वेळ आलीच तर एक वायरवाल्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळू देऊ नका, त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. कूलंट परत भरल्यावर एअर काढायला सांगा, सेन्सर हवेच्या पोकळीत राहिला तर काटा भलतंच दाखवतो.

ऐरोलीची_ताई:
दादा खूप खूप आभार!! सॉकेट काढलं, काटा एचवरच. बाबा मीटरसमोर बसले, मी वायरिंग हलवत आले, बॅटरीच्या मागे हात गेला आणि बाबा आतून ओरडले पडला पडला. वरची काळी टेप सोडवली तर आत उंदराने कुरतडलेली वायर, तांबं उघडं पडलेलं आणि त्यावर हिरवट गंज चढलेला, बरोबर लोखंडी ब्रॅकेटला टेकत होतं. शेजारच्या दोन वायरींना पण दात लागलेत. सध्या इन्सुलेशन टेप मारलीय, आज घोडबंदरला जाऊन आले, काटा मध्याच्या जरा खाली, हलला नाही. पण अजून एक विचारते, पूर्वीपासून मोकळ्या रस्त्याला, म्हणजे ठाणे-बेलापूर रोडला रात्री, काटा पार खाली जातो, हे नॉर्मल आहे का?

जुनं_ते_सोनं_ठाणे:
सापडलं ना, मस्त! टेपवर राहू नका, पावसाळ्यात सुटते आणि ओल धरते. गंजलेला तुकडा कापून नवीन वायर सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, घाला, आणि ब्रॅकेटपासून लांब टायने बांधा. दात लागलेल्या बाकीच्या वायरी पण आत्ताच करून घ्या. उंदीर परत येतोच, बॉनेटखालची चिंधी, कागद, खाण्याचे तुकडे साफ ठेवा.

काटा खाली जातो ते नॉर्मल नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढूनच टाकलाय, गाडी तापते म्हणून आपल्याकडे सर्रास काढतात. मग इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं. हाउसिंग उघडून बघायला सांगा, नसेल तर तुमच्या मॉडेलचाच टाका, साधारण ८० ते ९० डिग्रीच्या आसपास उघडणारे असतात, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी उकळून थर्मोस्टॅट त्यात बुडवा, उघडला तरच बसवा.

ऐरोलीची_ताई:
रविवारी बाबांना घेऊन हेच करते. गॅस्केट नवीनच आणू ना हाउसिंगचं?

कोपरीवाला:
हो ताई, नवीनच. जुनं परत लावलं की तिथून कूलंट गळतं.