'व्होल्टेज स्विचिंग'ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: मेमरी कार्डाचा स्लॉट)

मास्तर_धुळे
डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीतून टिपणं लिहितोय. विषय आहे जुन्या लॅपटॉपमधला पीसी कार्डाचा (मेमरी, मोडेम वगैरे बाहेरून खुपसायचं कार्ड) स्लॉट, ६८ पिनांचा. कार्ड आत गेलं की त्याला ३.३ व्होल्ट द्यायचे की ५, हे ठरल्यावर तेवढाच पुरवठा जोडून देणारी एक आयसी असते. तिच्या कामाला 'स्विचिंग' म्हणतात. 'स्विचन' लिहिलं तर मुलं हसतील. 'कार्डाचा पुरवठा बदलणे' लिहून पाहिलं, तर मागच्या बाकावरून लगेच, "सर, रेशन दुकान बदललं का?" पुरवठा आणि कार्ड शेजारी आले की आपल्याकडे तहसील कचेरीच दिसते. काहीतरी सुचवा.

सोल्डरवाला_जळगाव
सर, आधी एक गुंता सोडवा. आमच्या धंद्यात नुसतं 'स्विचिंग' म्हटलं की एसएमपीएस, म्हणजे स्विच-मोड पॉवर सप्लाय. त्यात ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्यातून हवं ते व्होल्टेज तयार होतं. तुमच्या आयसीत काहीच तयार होत नाही. ३.३ आणि ५ दोन्ही बोर्डावर आधीच आलेले असतात, आतले मॉसफेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर) फक्त कोणता कार्डापर्यंत जाऊ द्यायचा ते बघतात. दोन्हीला एकच मराठी शब्द दिलात तर पोरं परीक्षेत एकाचं उत्तर दुसऱ्याला लिहितील.

विज्ञानशिक्षिका_अमळनेर
व्होल्टेजला पाठ्यपुस्तकातला शब्द 'विभवांतर'. मग 'विभवांतर निवड' का नको?

सोल्डरवाला_जळगाव
ताई, विभवांतर पेपरपुरतं. काउंटरवर 'विभवांतर मोजून देतो' म्हटलं तर गिऱ्हाईक कार्ड उचलून पुढच्या दुकानात जाईल.

निवृत्त_वायरमन_भुसावळ
'दाब' घ्या की. महावितरणच्या कागदावर उच्चदाब, लघुदाब चालतंच. 'रोहित्र' मात्र कागदावरच राहिलं, शेतकरी डीपीच म्हणतो. 'दाब' तसा नाही, 'दाब कमी येतोय' हे शेतात मोटरीपाशी उभा असलेला माणूसही बोलतो.

'निवड' मला अपुरी वाटते. घरातला इन्व्हर्टरचा चेंजओव्हर बघा. एका बाजूला बोर्डाची लाईट, दुसऱ्या बाजूला इन्व्हर्टर आणि मधे बंदची जागा. दांडा त्या मधल्या जागेवरून गेल्याशिवाय पलीकडे जातच नाही. दोन्ही एकदम जुळले तर काय होईल ते मी सांगायला नको. तुमच्या आयसीत ही मधली जागा आहे का?

मास्तर_धुळे
आहे, अप्पा. आणि तीच कामाची गोष्ट आहे. आधी जुनं तोडायचं, मग नवं जोडायचं, दोन मॉसफेट एकाच वेळी चालू राहू द्यायचे नाहीत. नाहीतर ५ ची लाईन ३.३ च्या लाईनीत घुसेल. शिवाय स्लॉट बंद असताना ही आयसी कार्डाची लाईन ग्राउंडला ओढून धरते. बाजूच्या कपॅसिटरात ५ व्होल्टचा शिल्लक चार्ज असला आणि तेवढ्यात कुणी ३.३ चं कार्ड खुपसलं, तर ते भाजू नये म्हणून.

सुरुवातीला स्लॉट मेलेलाच असतो. कार्ड पूर्ण बसलंय हे सांगणाऱ्या दोन पिना दोन टोकांना, आणि त्या सगळ्यांत आखूड. तिरकं घातलं तर दोन्ही एकदम लागत नाहीत, म्हणून पुरवठाही नाही. दोन्ही लागल्या की व्हीएस१ आणि व्हीएस२ (कार्डाला किती व्होल्ट हवेत ते सांगणाऱ्या पिना) तपासायच्या. दोन्ही मोकळ्या असतील तर ५, व्हीएस१ कार्डाने ग्राउंडला बांधलेली असेल तर ३.३.

निवृत्त_वायरमन_भुसावळ
मग 'दाबपालट' लिहा. पालटात जुनं सोडणं येतं, निवडीत येत नाही.

विज्ञानशिक्षिका_अमळनेर
दाबपालट चालेल. स्लॉटला 'खाच' म्हणूया?

मास्तर_धुळे
नको. फक्त ३.३ वर चालणारं कार्ड निव्वळ ५ व्होल्टच्या स्लॉटात जाऊ नये म्हणून कार्डाच्या कडेचा आकारच वेगळा ठेवलेला असतो. 'खाच' मी त्या आकारासाठी राखून ठेवलाय. स्लॉट तो स्लॉटच.

मोबाईलवाला_नंदुरबार
भाऊ, हेच एसडी कार्डाला लावू नका. तिथेही १.८ वर जायचं म्हणतात, पण सप्लाय ३.३ चाच राहतो. उतरतं ते फक्त सिग्नलचं व्होल्टेज. यूएचएस-वन या एसडीच्या वेगवान प्रकारातल्या जलद मोडसाठी होस्ट (कार्ड ज्यात घातलंय ते यंत्र) सीएमडी११ ही आज्ञा पाठवतो, क्लॉक किमान ५ मिलिसेकंद थांबवतो, १.८ वर येतो आणि परत चालू करतो. कार्डाने साथ दिली नाही तर सप्लाय तोडून पहिल्यापासून. 'दाबपालट' वाचून पोरगा सप्लायच १.८ करून बसायचा.

मास्तर_धुळे
रास्त. पीसी कार्डाला 'पुरवठ्याचा दाबपालट' आणि एसडीला 'संकेताचा दाबपालट', असं वेगळं लिहितो. आता व्हीपीपी उरलं. जुन्या फ्लॅश कार्डांना लिहायला आणि पुसायला वेगळे १२ व्होल्ट लागायचे, तेही हीच आयसी सोडायची. 'लेखनदाब' म्हणू?

सोल्डरवाला_जळगाव
लेखनदाब म्हणजे मुख्याध्यापकांनी अहवाल मागितल्यावर तुमच्यावर येतो तो. व्हीपीपीच राहू द्या, पिनांच्या आकृतीत तेच छापलेलं असतं. पोराच्या हातात मीटर असेल तेव्हा त्याला तेच शोधायचंय.