श्रुतलेखनात छत्तीसचे 63 आणि केळीची ‘केयी’ (इयत्ता दुसरी)

चोपडा_तालुका
मुलगी दुसरीत आहे. छत्तीस सांगितलं की 63 लिहिते, एकोणतीस सांगितलं की 39. भाषेत केळीचं ‘केयी’, डोळ्याचं ‘डोया’. पाहून लिहिताना एकही चूक नाही. चुकलेलं दहा-दहा वेळा लिहून घेतो, फरक शून्य. घरी अहिराणीच बोलतो. बंद करावी का?

जुडीमास्तर
आधी आकडे. मराठीत एकक आधी ऐकू येतो, दशक नंतर, आणि लिहायचं उलट. ती ऐकलेल्या क्रमाने लिहिते. एकोणतीसमध्ये तर कानावर ‘तीस’च पडतं.

खराट्याच्या 99 काड्या घ्या. दहा-दहा मोजून 9 जुड्या तिनेच रबराने बांधायच्या, 9 सुट्या ठेवायच्या. तयार जुड्या हातात दिल्या तर दशक म्हणजे नुसता जाड दांडा वाटतो. संख्या ऐकली की आधी जुड्या डावीकडे, मग सुट्या उजवीकडे, मग लेखन. रोज पाचच संख्या, दहा मिनिटं पुरे.

सुरुवात चारच्या संख्यांनी करा: चोवीस, चौतीस, चौसष्ट. त्यात चार ओळखू येतो. सहा दर वेळी सोंग बदलतो (सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न), तो नंतर. पन्नाशीचा ‘वन्न’ वेगळा सांगा. बावन्नमध्ये पन्नास ऐकू येत नाही. ‘एकोण’ सगळ्यात शेवटी: तीन जुड्या मांडा, एक सोडवून एक काडी काढा. 36 आणि 63 एकाच दिवशी घेऊ नका.

काही जण उजवा अंक आधी लिहायला शिकवतात. ‘एकशे छत्तीस’ आलं की ती युक्ती अंगलट येते.

तापीकाठ
2019 च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणण्यावर बराच गदारोळ झाला होता, पण इथे ते कामाचं आहे. ‘तीस सहा, छत्तीस’ असं जोडीनेच म्हणायचं. नुसतं ‘तीस सहा’ नको, दुकानदार छत्तीसच म्हणणार.

आता केयी. अहिराणीत ळ चा य होतो: शाया, काया, डोया. ती बोलते तसंच लिहिते, म्हणजे आवाजावरून अक्षर लावणं तिला जमलंय. दहा वेळा उतरवताना हात चालतो, कान नाही. वहीत दोन रकाने करा, ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’: केयी–केळी, डोया–डोळा. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, ते आरशात दाखवा. मग काळा–काया, माळा–माया, दळा–दया ऐकवून कोणता शब्द ते ओळखायला सांगा. आठवडाभरात ती उलटी चूक करू लागेल, गायीला ‘गाळ’ लिहील. म्हणून गाय, पाय, साय यांचा तिसरा रकाना आधीच करून ठेवा.

अहिराणी अजिबात बंद करू नका. धडा वाचून झाला की “गोष्टमां काय व्हयनं?” विचारा. अहिराणीत नीट सांगितलं तर धडा कळलाय, अडचण फक्त लेखनाची.

चोपडा_तालुका
बाईंना काय सांगू?

जुडीमास्तर
चुकांची वही दाखवा, तक्रार नको. दोनच विनंत्या: ‘केयी’ला पूर्ण शब्दावर फुली न मारता य भोवती गोल करावा, आणि शाळेतही संख्या ‘तीस सहा, छत्तीस’ अशीच म्हणवून घ्यावी. घरी एक आणि वर्गात दुसरं झालं तर पोरगी दोन्ही विसरते.