शिकवताना मीच जास्त टाइप करतोय, काय करू?

माउसपॅड: नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, ओळखीतल्या तिघांना कॉम्प्युटर शिकवतोय आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. एकजण मोबाइल सराईत वापरतो पण फाइल कुठे सेव्ह केलीस विचारलं की "वर्डमध्ये" म्हणतो, एकीला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचीय, तिसऱ्याला नेटवर्किंग. समजावतो तेव्हा सगळे माना डोलावतात, कळलं कळलं म्हणतात आणि पुढच्या वेळी ये रे माझ्या मागल्या. परवा साधा फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड) सहा वेळा समजावला, सातव्यांदा मीच टाइप करून दाखवला तर तिने तो वहीत उतरवून घेतला. आधी बायनरी, नेटवर्किंगचे सात लेयर वगैरे थिअरी पक्की करून घेऊ का सरळ हात घालायला लावू?

रात्रपाळी_अ‍ॅडमिन: सात लेयर पहिल्या दिवशी अजिबात नको, पाठ होतात पण कळत नाहीत. मी पहिल्या तासाला शिकणाऱ्याच्याच मशीनवर आयपीकॉन्फिग (नेटवर्कची माहिती दाखवणारी विंडोजची कमांड) मारायला लावतो आणि आयपी अ‍ॅड्रेस (मशीनचा पत्ता), सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते), गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) तिन्ही कागदावर लिहून घेतो. मग पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघायचं, तेही क्रमाने. आधी १२७.०.०.१ म्हणजे स्वतःलाच, मग गेटवे, मग बाहेरचा ८.८.८.८ (गूगलचा), शेवटी एखाद्या साइटचं नाव. जिथे अडलं तिथे बिघाड शोधायचा. आकड्याला पिंग जातोय आणि नावाला नाही तर डीएनएस (नावावरून आकडा शोधून देणारी सेवा) बघ, इतकं पोरं दोन दिवसांत स्वतःच बोलायला लागतात. (काही ठिकाणी फायरवॉल पिंगच अडवतं, तेही सांगून ठेवा नाहीतर उगाच केबल बदलत बसतील.)

आणि खरी मजा म्हणजे मुद्दाम मोडून ठेवायचं. राउटरवरचं डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं, मशीनला आयपीकॉन्फिगच्या रिलीज आणि रिन्यूने जुना पत्ता सोडून नवा मागायला लावायचं आणि काय झालं ते शोध म्हणायचं. विंडोज बिचारं वाट बघून बघून शेवटी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतं. एका पोराने तो बघून सांगितलं, "याला कोणी घर दिलं नाही म्हणून हा फूटपाथवर झोपलाय." त्याला डीएचसीपीची व्याख्या मी अजून सांगितलेली नाही, गरजच पडली नाही. घरचं नेट बंद पाडायचं नसेल तर स्क्रीनवर खोटं नेटवर्क उभं करणारं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर आहे, फुकट मिळतं.

अर्धविराम: माउसपॅड, उत्तर तुम्ही हेडिंगमध्येच लिहिलंय की. कीबोर्डला हात लावायचा नाही, अगदी हात शिवशिवले तरी नाही.

दुसरं, एंटर मारायच्या आधी स्क्रीनवर काय येईल ते तिला बोलून दाखवायला लावा. दोन आकडे इनपुटने घ्या, दोन्ही वेळा ५ टाका, बेरीज करा. ती १० म्हणणार आणि येणार ५५. आता गप्प बसायचं!! स्ट्रिंग (म्हणजे मजकूर, इनपुटने आलेलं पायथन मजकूरच धरतं) हा शब्दसुद्धा काढायचा नाही. तिला स्वतःला प्रश्न पडू दे की दोन पाच चिकटले कसे, मग इंट (मजकुराचा आकडा करणारं) का लावायचं हे एका वाक्यात सांगून होतं आणि विसरत नाही. रेंज ५ चं (फॉर लूपला आकडे पुरवतं ते) तसंच, १ ते ५ म्हणेल आणि छापून येईल ० ते ४.

आणि एक्स = एक्स + १ याला "बरोबर" असं वाचू देऊ नका, गणितात ते खोटंच आहे, लोक तिथेच अडून बसतात. "उजवीकडचं काढ, डावीकडच्यात ठेव" असं वाचायचं. व्हेरिएबल (हा एक्स) म्हणजे डबा, एवढं सांगितलं की झालं.

खोडरबर: डब्यावर जरा हरकत आहे राव. आकड्यांपर्यंत ठीक, पण लिस्ट (अनेक वस्तूंची यादी) आली की डबा फुटतो. ए ही लिस्ट, बी = ए केलं, बी मध्ये एक वस्तू घातली आणि ए मध्येही ती दिसली, आता सांगा डबे किती? वस्तू एकच आणि तिला दोन चिठ्ठ्या चिकटवल्यात असं मी पहिल्यापासून सांगतो. पायथन ट्यूटर नावाची साइट आहे, ती एकेक ओळ चालवून बाणासकट दाखवते, एकदा दाखवाच.

अर्धविराम: मान्य, चिठ्ठी बरी. पण पहिल्याच आठवड्यात नको हो, पळून जाईल.

जुना_फोल्डर: त्या वर्डवाल्याबद्दल कुणीच बोललं नाही. त्याची चूक नाही, मोबाइल सहसा फोल्डर समोर दाखवतच नाही. एकच फाइल दोन फोल्डरमध्ये कॉपी करायला लावा, एकीत बदल करायचा, मग विचारायचं दुसरीत काय असेल. निम्मे लोक चुकतात. आणि विंडोजमध्ये एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेपूट, पायथनचं पीवाय) दिसेल असं सेटिंग आजच करा, नाहीतर पायथनवाली नोटपॅडमध्ये पीवाय म्हणून सेव्ह करेल, शेवटी गुपचूप टीएक्सटी चिकटेल आणि तासभर जाईल. माझा गेलाय.

माउसपॅड: अपडेट. काल हातांवर बसलो, खरंच. फॉर लूपला एरर आली, तिने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे. चारेक मिनिटं भयाण शांतता, मला घाम. मग तिने ती लाल अक्षरं वरून खाली वाचली, शेवटच्या ओळीत कोलन हवा असं लिहिलं होतं, टाकला, चाललं. वर मलाच म्हणते, "काय चुकलं ते खाली लिहिलेलं असतं होय? मग दोन महिने बोलला का नाहीत?"