'पर्यंत' म्हणजे धरून की सोडून?

अर्धविराम: अकरावीच्या पोरांसाठी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या नोट्स मराठीत करतेय. ॲरेतले (म्हणजे ० पासून नंबर दिलेल्या यादीतले) पहिले तीन घटक काढायला स्लाइस(०, ३) लिहितात, त्याखाली मी सरळ लिहिलं "० पासून ३ पर्यंतचे घटक मिळतात". काल एकाने वहीत ०, १, २, ३ असे चार लिहून दाखवले आणि वर मलाच विचारतो, मॅडम पर्यंत म्हणजे तीन धरूनच ना? प्रत्यक्षात ३ नंबरचा येत नाही, त्याच्या आधीच थांबतं. मग लिहू काय?

खारीबिस्कीट: पोरगा बरोबर आहे. "नववीपर्यंत शिकलाय" म्हणजे नववी धरून.

घाटावरचा: आणि "लग्न होईपर्यंत माहेरी" यात लग्नानंतरचे दिवस धरता का? आमच्या ऑफिसात एकाने "१५ तारखेपर्यंत सुट्टी" असा मेल टाकला, साहेब १५ ला वाट बघत बसले, हा १६ ला उगवला.

जुनी_पाटी: परि + अंत. अंत आला की सगळं आलं, म्हणून धरूनच.

पोथीवाला: अहो परि म्हणजे सभोवार, त्याने काही सिद्ध होत नाही. पाणिनीचं सूत्रच आहे, आङ् मर्यादाभिविध्योः. मर्यादा म्हणजे हद्द सोडून, अभिविधी म्हणजे हद्द धरून, आणि आङ् म्हणजे 'आ', तो दोन्हीला चालतो. मॅडम, तुम्ही "मर्यादा ३" लिहा.

खारीबिस्कीट: अकरावीच्या पोरांना अभिविधी? अंत्यविधी वाटेल त्यांना.

घाटावरचा: रुबी या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत बघा, ०..३ अशी दोन टिंबं दिली की शेवटचा धरतात, तीन दिली की सोडतात. टिंब वाढलं की घटक कमी, हे कुठल्या व्याकरणात बसतं?

जुनी_पाटी: मुळात स्लाइस कशाला, 'काप' म्हणा की. इंडेक्सला, म्हणजे घटकाच्या नंबरला, निर्देशांक.

खारीबिस्कीट: निर्देशांक म्हटलं की पोरं शेअरबाजार उघडतील. आणि काप काढला की सुरण तेवढा कमी होतो, स्लाइसने मूळ ॲरे आहे तसाच राहतो. कमी होतो तो स्प्लाइसने.

जुनी_पाटी: मग स्प्लाइसला काप म्हणा, स्लाइसला नक्कल. शब्द आहेत हो, वापरायची लाज वाटते.

अर्धविराम: सध्या "३ च्या अलीकडपर्यंत" लिहिलंय. आता तो विचारतोय अलीकडे म्हणजे हल्ली का.

घाटावरचा: 😂

पोथीवाला: सुरणाचे काप करताना आधी चिंचेच्या पाण्यात ठेवता की आमसुलाच्या? आमच्याकडे परवा फार खाजरा निघाला.