मदत हवी आहे: दुबईतल्या भावाच्या बक्षिसातून तासगावला शेतजमीन घ्यायची आहे
धाकटा भाऊ ९ वर्षं दुबईत एसी मेकॅनिक आहे, रूममधल्या पाच जणांनी मिळून काढलेलं रॅफलचं तिकीट लागलं आणि ह्याच्या वाट्याला साधारण ४० लाख आले, पैसे तिथल्या खात्यात जमा पण झालेत. इकडं आमच्या द्राक्षबागेच्या बांधाला लागूनच दीड एकर विकायला निघालंय, त्याला तेच हवंय, दोन वर्षांत कायमचं परत येतो म्हणतोय. वडील रोज संध्याकाळी त्या बांधावर जाऊन उभे राहतात, बोलत काहीच नाहीत.

अडचण अशी की फेमाप्रमाणे (परकीय चलनाचा कायदा) एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही (वारसाने आलेली चालते). म्हणून पैसे वडिलांना देऊन जमीन त्यांच्या नावावर घ्यायचा विचार आहे. सीएंना विचारलं, मुलाने वडिलांना भेट दिली तर रक्कम कितीही असो टॅक्स नाही म्हणाले. वडिलांचं सातबारावर नाव आहे, भावाचं एनआरई खातं (परदेशातली कमाई ठेवायचं इकडच्या बँकेतलं खातं) आहे, तो वर्षातून महिनाभरच येतो. जमीनमालक दिवाळीपर्यंतच थांबणार.

पैसे भावाचे आणि खरेदीखत वडिलांच्या नावावर, हे पुढं बेनामी ठरू शकतं का? आणि खात्यावर नुसतं ट्रान्सफर पुरेसं आहे की आधी गिफ्ट डीड (लेखी भेटपत्र) करून घ्यावं?