जबड्याच्या एका तुकड्यावरून सरड्याचे जीवाश्म ओळखता येते का?

प्रश्न : मध्य प्रदेशातील टिकी या खडकांच्या स्तरांत सापडलेल्या टिकिग्वानियाचे (जबड्याच्या तुकड्यावरून ओळखलेल्या जीवाश्माचे) वर्णन 2006 साली ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धातील (वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा) सरडा म्हणून झाले; 2012 मध्ये मात्र तो जबडा आधुनिक सरड्याचा असावा, असे मत मांडले गेले. एवढ्याशा हाडावरून असे निष्कर्ष कसे निघतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : दात हाडाला कसे जोडलेले आहेत, हे आधी पाहावे. पालीचे आणि घोरपडीचे दात जबड्याच्या आतल्या भिंतीला टेकलेले असतात आणि ते पडून पुन्हा येतात. आपल्या कुंपणावरच्या सरड्याचे पुढचे मोजके दात सुळ्यांसारखे असतात, पण मागचे त्रिकोणी दात हाडाच्या कडेशीच एकजीव झालेले असून बदलत नाहीत. त्यामुळे जबडा वाढेल तसे मागच्या टोकाला नवे दात जोडले जातात आणि पुढचे जुने दात झिजून बोथट होतात. टिकिग्वानियाची ठेवण अगदी अशीच, आजच्या सरड्यांशी जुळणारी आहे. म्हणूनच तो इतका प्राचीन असल्याविषयी शंका आली.

उत्तर 2 : वरील उत्तराला एक पुरवणी. न्यूझीलंडचा तुआतारा हा सरड्यासारखा दिसणारा सरपटणारा प्राणी सरडा नव्हे, तरी त्याचेही दात कडेवरच बसलेले असतात. अशा वेळी कवटी हाती असणे फार मोलाचे ठरते, कारण तुआताराच्या गालाशी हाडाची खालची कमान पूर्ण असते, तर सरड्यांत ती नसते आणि जबडा जिथे टेकतो ते चौकोनी हाड हलू शकते.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. झिजेचा क्रम आता छायाचित्रात पुन्हा पाहतो.